वाटेचे सेवेकरी
(आकाशवाणीवरील भाषण)



डवऱ्याचे दोन फेर झाले, निंदणाला बाया लागल्या, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी एक प्रश्न ऐकू येतो, "यंदा नागद्वारले येता काय?" कोणी नवस बोललेला असतो, कोणाच्या घरी आजोबांपासून जायची रीत असते. चार घरं मिळून जीप ठरते. मग कोणी छिंदवाड्याच्या रस्त्यानं, कोणी बैतूलच्या रस्त्यानं पचमढी गाठतो.

नागद्वार म्हणजे सातपुड्याच्या पोटातली एक गुहा. पचमढीहून धूपगडाच्या बाजूनं पायवाट जंगलात शिरते. धूपगड हे सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, साडेतेराशे मीटरचं. जाऊन-येऊन बारा-पंधरा किलोमीटरची चाल, त्यात चढ-उतार, नाले, कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. सगळा मुलूख सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा, त्यामुळे एरवी वाट बंद. नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस तेवढी उघडते, आणि तेही भर पावसात. येणाऱ्यांत आपण विदर्भातलीच माणसं सर्वांत जास्त. शहरातले लोक ज्याला ट्रेक म्हणतात आणि त्यासाठी बूट-जॅकेट घेतात, तो ट्रेक आमच्या आयाबाया पदर खोचून, हातात काठी धरून, "हर बोला महादेव" म्हणत पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत.

मला आज बोलायचं आहे ते ह्या वाटेवर राबणाऱ्यांबद्दल.

नागद्वारच्या वाटेवर विदर्भातली सेवा मंडळं ताडपत्र्यांचे मंडप टाकतात. तांदूळ, कणीक, डाळ, तेलाची पिंपं, पातेली, सगळं माणसांच्या डोक्याखांद्यावरून आत जातं. रात्री दोन वाजता भिजून आलेल्या माणसालाही गरम भात-वरण मिळतं, आणि कोणी त्याचं गाव विचारत नाही, जात विचारत नाही. मी अशाच एका मंडळाबरोबर कितीतरी वर्षं गेलो. इतकी निखळ सेवा मी दुसरीकडे फार कमी पाहिली आहे.

पण वाटेची सेवा म्हणजे काय, हे मला कळलं ते एका पावसाच्या सकाळी.

रात्रभर कोसळला होता. आमच्या मंडपाखालचा उतार पहाटे पाहिला तर पायवाटेची नाली झालेली. मधोमध गुडघाभर घळ, दोन्ही बाजूंना उघड्या पडलेल्या मुळ्या. घळ चुकवायला लोक कडेच्या गवतावरून उतरत होते, तिथंही चिखल झाला, की पुढचे आणखी बाहेरून. हातभर रुंदीची वाट दुपारपर्यंत बैलगाडीएवढी रुंद झाली. एक म्हातारी आजी दोन वेळा घसरली. आम्ही पोरं म्हणालो, वाट खराब झाली. आमच्यात दारव्ह्याकडचा एक शेतकरी होता. तो उकिडवा बसला, घळीत हात घालून पाहिलं आणि म्हणाला, "वाट नाही खराब झाली भाऊ. पान्याले जाले जागा नाही भेटली."

पचमढीचा डोंगर वालुकाश्माचा आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणासारखा तो टणक नाही, झिजला की त्याची रेती होते आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते. त्यातच हजारो पावलांनी माती दाबली, की पाणी मुरत नाही. ते वाटेचाच ओढा करतं. त्या शेतकऱ्यानं वनरक्षकाला विचारलं. खणायचं नाही, झाडाला हात लावायचा नाही, सुटे दगड तेवढे वापरा, असं सांगून त्यानं होकार दिला. मग एक सब्बल, एक घमेलं आणि चार माणसं. वाटेवर आडवी, पण थोडी तिरकी, दगडांची ओळ बसवली, खालचं टोक दरीकडे. दगड नुसता ठेवायचा नाही. तो हलवून हलवून बसवायचा, एका माणसानं वर उभं राहून डोललं तरी तो हलता कामा नये. फटीत बारीक दगड ठोकायचे. वीस पावलं खाली दुसरी ओळ, पुढे तिसरी. पडलेल्या फांद्या आणून कडेच्या आडवाटा बंद केल्या, म्हणजे लोक पुन्हा मधल्या वाटेवर आले.

संध्याकाळी पाऊस आला. आम्ही ताडपत्रीखालून बघत होतो. पाणी धावत आलं, पहिल्या ओळीला थटलं आणि वळून गवतात गेलं. शेताच्या धुऱ्यावर जे आपण दरवर्षी करतो, गावोगावी श्रमदानात समतल चर खोदताना जे शिकलो, तेच हे. विदर्भाच्या शेतकऱ्याला ही विद्या कोणी शिकवायची गरज नाही. तीच वाटेवर वापरावी, एवढंच आम्हाला तोवर सुचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट पत्रावळीची. पूर्वी पळसाच्या पानांवर जेवण असे. पान जिथं पडे, तिथं कुजून जाई. मग थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे ग्लास आले. महाराष्ट्रात 2018 च्या मार्चमध्ये त्यांवर बंदी आली, देशभरात एकदाच वापरायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून. तरी नाल्याच्या वळणावर हे सगळं सापडतंच. हजार माणसांना जेवू घालणारं मंडळ परतताना चुली तशाच ठेवून, ताटल्यांचा ढीग झुडपामागे लोटून निघालं, तर ते पुण्य अर्धंच राहिलं, असं मी स्पष्ट म्हणतो. भात वाढणारे हात पुष्कळ असतात, शेवटच्या दिवशी पोतं घेऊन मागे थांबणारे मोजके. माझ्या लेखी खरे सेवेकरी ते.

आपल्या वऱ्हाडात हे सांगायला बाहेरचा दाखला लागू नये. शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. त्यांनी पंढरपूरला, नाशिकला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, अन्नदान केलं, आणि झाडणंही सोडलं नाही. त्यांच्यासाठी ती दोन कामं वेगळी नव्हतीच.

तरी बाहेरचा एक दाखला देतो, कारण त्यातली व्यवस्था घेण्यासारखी आहे. अमेरिकेत अ‍ॅपलेशियन ट्रेल नावाची पायवाट आहे. 1921 साली कल्पना निघाली, 1937 साली ती सलग पूर्ण झाली. चौदा राज्यांतून जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ही वाट मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातांनी टिकून आहे. रीत अगदी सोपी: वाटेचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा एकेका स्थानिक मंडळाकडे दिला. अमुक नाल्यापासून तमुक खिंडीपर्यंत तुमचं. पाणी वळवायचं तुम्ही, पडलेलं झाड हटवायचं तुम्ही.

नागद्वारला मंडळं आहेतच. त्यांच्या जागाही बहुतेक ठरलेल्या असतात. मग प्रत्येक मंडळानं आपल्या मंडपाच्या वरची दोनशे आणि खालची दोनशे पावलं आपली मानायला काय हरकत आहे? वनखात्याला विचारून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे. तंबूत स्वयंपाकाला वीस जण असतात, त्यांतले दोन वाटेला द्या.

यंदा जाणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. गाडीत प्रसादाच्या पिशवीशेजारी एक रिकामं पोतं ठेवा. पळसाच्या पत्रावळी घरूनच न्या. आडवाटेनं उतरू नका, मागच्यालाही उतरू देऊ नका. आणि मंडळाबरोबर असाल, तर निघायचा दिवस एकानं पुढे ढकला. नागपंचमी झाली की ती वाट बंद होते, आणि आपण तिथं टाकून आलेली वस्तू उचलायला आपल्यातलं कोणीही पुढचं जवळजवळ वर्षभर तिथं जाऊ शकत नाही.