‘लाइन’ या शब्दाचा संसार



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलावे, राज्यघटनेवर बोलावे, निदान कापसाच्या भावावर तरी बोलावे, असा रिवाज आहे. आम्ही मात्र आज एक लहानसा इंग्रजी शब्द घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. तो शब्द म्हणजे ‘लाइन’. आपल्या जालना जिल्ह्यात तो कानी पडला नाही असा दिवस जात नाही, आणि दहा वेळा पडला तर दहाही वेळा त्याचा अर्थ एकच असतो, असेही नाही.

अंबडकडचा शेतकरी विहिरीवरून विचारतो, “लाइन आली का?” त्याला वीज हवी आहे. नळापाशी बायाबापड्या विचारतात, “आमच्या लाइनला पाणी कधी?” त्यांना आपल्या गल्लीची पाळी हवी आहे. रेल्वेच्या फाटकाशी लाइन म्हणजे रूळ. रेशनच्या दुकानापुढे लाइन म्हणजे रांग. सोयरिकीला आलेले पाहुणे विचारतात, “मुलगा कोणत्या लाइनला आहे?” तेथे धंद्याची चौकशी चालली आहे. उनाड पोरगा मामाकडे ठेवला की लाइनीवर येतो. शाळेत गुरुजी “समासाला लाइन मारा” म्हणतात, तेव्हा रेघ आखावयाची असते. हेच शब्द महाविद्यालयाच्या दारात उच्चारले तर... मागच्या बाकांवर हशा पिकला आहे, तेव्हा आम्ही खुलासा करीत नाही.

आता हा शब्द मूळचा कोण, ते पाहू. लॅटिन भाषेत ‘लिनुम’ म्हणजे जवस. आपण जवसाची चटणी करतो, तेल काढतो. तिकडच्या लोकांनी त्याच्या देठाचा वाख काढून सूत कातले. त्या सुताला ‘लिनेआ’ म्हणत. ताणलेले सूत सरळ असते, म्हणून सरळ रेघेलाही तेच नाव पडले. त्याच वाखाचे कापड ते लिनन. कपड्याला आतून लिनन लावीत, म्हणून शिंपी आजही अस्तराला ‘लायनिंग’ म्हणतो. म्हणजे शिंप्याचे अस्तर आणि आगगाडीचा रूळ, दोघेही जवसाचेच वंशज!

हे ऐकून आपणांस नवल वाटेल, पण नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडेही अगदी हेच घडले आहे. गवंडी भिंतीला सूत लावतो. सूत्रधारापासून सुतार झाला. शास्त्रकारांनी नियमांना सूत्र म्हटले, आणि उनाड पोराला आपण सुतासारखा सरळ करतो. दोन दूरच्या संस्कृतींनी एकाच दोऱ्यावरून रेघ, नियम आणि शिस्त काढली. पोरगा ‘लाइनीवर आला’ असे आपण म्हणतो, तेव्हा दोरा परका असला तरी विचार घरचाच असतो.

जालन्यात हा शब्द बहुतांशी शाळेच्या दारातून आला नाही. 1827 मध्ये येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी वसली. शिपायांच्या घरांच्या ओळींना ‘लाइन’ म्हणण्याची लष्करात चाल होती. पोलिस लाइन हा शब्द त्याच कुळातला. पुढे 1900 च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाइन जालन्यावरून गेली. राज्य निजामाचे, कारभाराची भाषा उर्दू. 17 सप्टेंबर 1948 पूर्वी आपल्या आजोबांचे कागद उर्दूत असत, बोलणे मराठीत असे, आणि इंग्रजीचा तर गंधही नसे. तरी लाइन त्यांच्या तोंडी बसली, कारण ती पुस्तकातून नव्हे, डोळ्यांदेखत रुळावरून आली.

आणि आली ती घरची होऊनच आली. इंग्रजीत तिला लिंग नाही. मराठीने तिला स्त्रीलिंगी केले. का? ओळ, रांग, रेघ, तार, दोरी, वाट, पंगत, कतार या सगळ्या स्त्रीलिंगी. नवी सून याच जावांमध्ये नांदावयाची, हे आपल्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसांनी व्याकरण न उघडता ठरविले. तिला ‘लायनी’ असे अनेकवचनही दिले. आम्हांस ही भाषेची बुद्धी थोर वाटते.

परंतु सून कर्तबगार निघाली म्हणून सगळ्या जावांनी घर सोडावे काय? आमची खरी चिंता येथे आहे. लग्नात बुफे आला आणि पंगतीची लाइन झाली, याचे आम्हांस फारसे दुःख नाही. पण जेथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्याच पाहिजेत, तेथे एकाच शब्दाने नुकसान होते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथे महिको काढली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या व्यवसायात ‘लाइन’ म्हणजे शुद्ध राखलेला वाण. संकरित ज्वारीत ‘ए लाइन’ ही मादी. तिचे परागकण निष्फळ असतात. ‘बी लाइन’ तिचा वंश टिकविते. ‘आर लाइन’ हा नर. त्याच्या परागाने झालेल्या संकरित पिकाला पुन्हा दाणा भरतो. शेतात साधारणपणे चार ओळी मादीच्या आणि दोन नराच्या असतात. दोघांचा फुलोरा एकाच वेळी यावा लागतो. एक मागे पडला तर त्याला पाणी देऊन जुळवून घेतात. आता मालक गड्याला सांगतो, “लाइन आली की आर लाइनच्या दोन लायनींना आधी पाणी दे.” एका वाक्यात तीन लायनी! गडी मुरलेला असेल तर निभते. नवखा असेल तर पाणी भलत्याच सरीत जाते. पुढे काढणीला नराच्या ओळी आधी कापून बाजूला न्यावयाच्या असतात. तेथे घोटाळा झाला तर बियाण्यात भेसळ होते आणि वर्षाची मेहनत वाया जाते. वाणाला लाइन म्हणावयाचे तर खुशाल म्हणा, पण ओळीला ओळच म्हणा.

दुसरा प्रसंग याहून गंभीर. आपल्या खेड्यांत गावठाणची लाइन वेगळी आणि शेतीची वेगळी असते. रात्री मोटार बंद पडते, कोणी तरी डीपीजवळ फ्यूज टाकावयास जातो आणि फोनवर विचारतो, “लाइन बंद आहे ना?” पलीकडून उत्तर येते, “बंद आहे.” कोणती? बोलणाऱ्याच्या मनात एक, ऐकणाऱ्याच्या मनात दुसरी. मधे तारेत वीज.

रेल्वेने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. ‘लाइन क्लिअर’ हे शब्द तिचेच. पण एकेरी मार्गावर नुसत्या शब्दावर ती गाडी सोडीत नसे. स्टेशनच्या यंत्रातून धातूचा एक गोळा निघे. पुढच्या स्टेशनशी मेळ बसल्याखेरीज तो निघतच नसे, आणि तो हाती आल्याशिवाय चालक गाडी हलवीत नसे. वीज मंडळींतही खांबावर चढण्यापूर्वी लेखी परवाना घेण्याचा नियम आहे. रात्री शेतात उभ्या असलेल्या माणसाजवळ गोळा नाही आणि परवानाही नाही; एक फोन आहे. डीपीला हात लावणे हे त्याचे काम नव्हे, वायरमनचे आहे. आणि वायरमनलाही सांगावयाचे ते फीडरचे नाव घेऊन, डीपीचा क्रमांक घेऊन सांगावे, आणि त्याच्याकडून तेच शब्द पुन्हा वदवून घ्यावेत.