खाली ठेवता न येणारं पात्र



अध्यक्षाने भाषणात सबंध पुरातत्त्वशास्त्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती आज मी मोडतो आणि एकाच भांड्याविषयी बोलतो.

शिंगाच्या घाटाचं हे पानपात्र. वर रुंद तोंड, आणि निमुळतं टोक वळून मेंढ्याच्या, बैलाच्या किंवा पंखवाल्या सिंहाच्या पुढच्या अंगात संपलेलं. ग्रीक नाव ‘ऱ्हायटन’. ‘वाहणे’ या अर्थाच्या धातूशी नातं सांगणारं. पुष्कळ पात्रांच्या टोकाशी बारीक छिद्र असतं. पात्र उंच धरायचं, छिद्रावरचं बोट बाजूला करायचं आणि धार वाडग्यात किंवा थेट तोंडात घ्यायची. आपल्या कुंडावर गोमुखातून पाणी पडतं, तशी तिथे मेंढ्याच्या छातीतून मद्याची धार. शिवाय त्याला बैठक नाही. भरलेलं पात्र हाती आलं की ते रिकामं होईपर्यंत किंवा शेजाऱ्याच्या हाती जाईपर्यंत सुटका नाही. पंगतीचं बंधन कारागिराने भांड्यातच घडवून ठेवलं होतं, असं मी मानतो.

बल्गेरियात पानाग्युरिश्तेजवळ 1949 साली माती खणणाऱ्या तीन भावांना सोन्याची नऊ पात्रं मिळाली, मिळून सहा किलोंहून जास्त वजनाची. त्यांतल्या एका कुंभाच्या बुडाला दोन छिद्रं आहेत. दोघांनी एकाच कुंभातून, एकाच वेळी प्यायचं. प्राचीन अनातोलियातले हित्ती लोक तर याही पुढे गेले. ‘बिब्रू’ या प्राणिपात्रांचा उल्लेख असलेल्या त्यांच्या विधिग्रंथांत राजा आणि राणी देवासाठी पीत नाहीत. शब्दशः वाचलं तर देवालाच पितात.

पण मला आज थांबायचं आहे ते तुर्कमेनिस्तानातल्या जुन्या निसाला. प्राचीन इराणवर राज्य करणाऱ्या पार्थियन राजांच्या या गढीत 1948 साली सोव्हिएत उत्खननात एका बंद दालनातून चाळीसहून अधिक हस्तिदंती ऱ्हायटन निघाले. काठाशी ग्रीक देवांच्या रांगा, टोकाशी अद्भुत प्राणी. जगभरच्या ग्रंथांत त्यांची छायाचित्रं आहेत. त्याच गढीतून अडीच हजारांहून जास्त लेखांकित खापरंही मिळाली, त्यांची छायाचित्रं मात्र क्वचितच दिसतात. त्यांवर शाईने नोंदी आहेत: कोणत्या मळ्यातलं मद्य, किती, कोणत्या वर्षी, कोणी आणून पोचवलं. राजाच्या हातातल्या हस्तिदंतापर्यंत पोचणारी वाट या खापरांवरून जाते. मळा, गाडी, कोठार, कारकून आणि मग पंगत. नुसता ऱ्हायटन पाहिला तर आपल्याला राजा दिसतो. बाकीची माणसं खापरांत आहेत.

आपल्याकडे जुन्नर, तेर, नेवासे इथे भूमध्य समुद्राकडून आलेल्या अँफोरांची, म्हणजे दोन कानांच्या कुंभांची, खापरं मिळाली आहेत. त्यांतून काय आलं, ते कोणी प्यायलं, कोणत्या भांड्यातून? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेशातला माणूस हाती पेला घेऊन बसलेला आहे. पेला आपण पाहतो, पण सुरई घेऊन उभ्या असलेल्या सेवकांकडे फारसं लक्ष देत नाही.

म्हणून तरुण सहकाऱ्यांना एक विनंती आहे. खापर हाती आलं की ब्रशने घासून स्वच्छ करण्याची घाई आपण सगळेच करतो, मीही आयुष्यभर केली. यंदाच्या हंगामात निदान बुडाचे आणि तोटीचे काही तुकडे न धुता, स्तराची नोंद करून वेगळे ठेवा. भांड्यात काय होतं ते सांगू शकणारा, आतल्या बाजूला चिकटलेला काळपट थर प्रयोगशाळेत जाऊ द्या.