मतदान केंद्र फोनवर बदलत नाही
(अकोटा येथे मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवडणूक आली की भोंगे, पत्रके, सभा यांची चर्चा होते. फोनची फारशी होत नाही. उमेदवाराचा रेकॉर्ड केलेला आवाज मत मागतो, आपण ऐकतो किंवा ठेवून देतो. तो प्रचार झाला, त्याला हरकत नाही. मला बोलायचे आहे ते मतदाराला केंद्रापासून लांब ठेवण्यासाठी केलेल्या फोनविषयी.

याचे कोर्टात सिद्ध झालेले उदाहरण कॅनडातले आहे. २ मे २०११ रोजी तिथे संसदेची निवडणूक होती. ग्वेल्फ या शहरात त्या दिवशी सकाळी साडेसहा हजारांहून अधिक फोन गेले. आवाज रेकॉर्ड केलेला आणि नाव थेट निवडणूक यंत्रणेचे. निरोप असा, की जास्त मतदान अपेक्षित असल्यामुळे तुमचे केंद्र बदलले आहे, आता अमुक मॉलमध्ये या. लोक मॉलपर्यंत गेले आणि तिथे मतदान केंद्रच नव्हते. काहींनी परत आपले केंद्र गाठले, काही वैतागून घरी गेले.

तपासात कळले की फोन लावणाऱ्याने 'पिएर पूतीन' असे खोटे नाव आणि प्रीपेड मोबाईल वापरला होता. पूतीन हा तिकडचा एक खाद्यपदार्थ आहे! २०१४ साली मायकेल सोना या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या तरुण कार्यकर्त्याला नऊ महिन्यांची कैद झाली. तो एकटाच नसावा असे न्यायाधीशांचेही मत होते, पण शिक्षा एकालाच झाली.

इतर मतदारसंघांतल्या अशाच तक्रारींवर तिथल्या संघीय न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला. फसवणूक झाली हे मान्य केले, निवडणुका मात्र रद्द केल्या नाहीत. फोन नंबर बहुधा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या मतदार-माहितीच्या साठ्यातून घेतले गेले, पण पक्ष किंवा उमेदवार यात सामील असल्याचा पुरावा नाही, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे यादी चांगल्या कामासाठी केलेली होती, ती भलत्याच्या हाती गेली. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता आपल्याकडे पाहू. अकोटा हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ २०१२ च्या निवडणुकीपासून आहे. आपल्यातली काही कुटुंबे दांडिया बाजार, रावपुऱ्यातले जुने घर सोडून पुलाच्या या बाजूला आली. घर बदलले तरी यादीतले नाव आपोआप बदलत नाही, त्यासाठी फॉर्म ८ भरावा लागतो. महानगरपालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, लोकसभा-विधानसभेची भारत निवडणूक आयोग. वॉर्डाची रचनाही वेगळी. त्यामुळे 'आपले केंद्र कोणते?' हा गोंधळ आधीच असतो. त्यात मुले पुण्याला किंवा परदेशात, घरी आजी-आजोबा. अशा घरी मतदानाच्या सकाळी फोन आला, 'काका, तुमचे केंद्र बदलले', तर उन्हात दोन ठिकाणी हिंडण्याची ताकद किती जणांत आहे? गुजरातेत २०२४ चे लोकसभेचे मतदान ७ मे रोजी झाले. त्या दिवसांतले बडोद्याचे ऊन तुम्हाला मी काय सांगावे!

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, केंद्र फोनवर बदलत नाही. शंका आली तर १९५० या हेल्पलाईनला आपण स्वतः फोन करावा किंवा आपल्या बीएलओला विचारावे.

दोन, 'यादीतून तुमचे नाव आज काढले' हे शेवटच्या दिवसांत कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम २३ प्रमाणे उमेदवारी अर्जाची मुदत संपल्यावर निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नाव चढवता किंवा काढता येत नाही. यादी मात्र आधीच तपासून ठेवावी.

तीन, फोनवर मत देता येत नाही आणि मतदानासाठी ओटीपी लागत नाही. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मत देण्याची सोय होती. पण त्यासाठी आधी फॉर्म १२-डी भरून द्यावा लागे आणि कर्मचारी मतपत्रिका घेऊन घरी येत.

चार, ओळखीचा आवाज हा पुरावा नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीच्या दोन दिवस आधी अध्यक्ष बायडेन यांच्या नकली आवाजात फोन गेले, की आता मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. तो आवाज संगणकाने तयार केला होता. महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने ध्वनिफिती फिरल्या. दोघांनीही त्या खोट्या असल्याचे सांगितले आणि सुळे यांनी तक्रार केली. पण खुलासा घरोघरी पोहोचेपर्यंत मतदान सुरू झालेले असते.

कायदा आहे. मतदानाच्या हक्कात जाणूनबुजून ढवळाढवळ करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खाली गुन्हा आहे आणि कलम १७४ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फोन आल्यास नंबर, वेळ आणि शब्द लिहून ठेवावेत, कारण त्याशिवाय तक्रार उभी राहत नाही. ग्वेल्फमध्ये शिक्षा व्हायला तीन वर्षे लागली. गेलेले मत परत आले नाही.

आता यादीचा मुद्दा. आपल्या मंडळाची सभासद-सूची आहे. तीत घरातल्या सर्वांची नावे, वये, पत्ते, मोबाईल, शिवाय कोणाची मुले कुठे आहेत तेही. लग्नकार्याला, अडीअडचणीला ती फार उपयोगी पडते. पण एखाद्याला फसवा फोन करायचा असेल तर याहून सोयीची वही त्याला मिळणार नाही. उमेदवार आपल्यातलाच असतो, कधी नात्यातला असतो, 'जरा सूची द्या' म्हणतो आणि नाही म्हणणे जड जाते. व्यक्तीला नाही म्हणणे कठीण, पण ठराव दाखवणे सोपे. म्हणून माझी सूचना अशी, की कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला, तो मराठी असो वा गुजराती, ही सूची देऊ नये असा ठराव मंडळाने करावा. त्याच सूचीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची जबाबदारी शेजारच्या तरुण सभासदांनी वाटून घ्यावी. आदल्या दिवशी जाऊन केंद्र सांगावे आणि मतदानाच्या दिवशी सोबत न्यावे. मत कोणाला द्यायचे हे मात्र विचारू नये.

ठरावाला सूचक मी आहे, अनुमोदकाची वाट पाहतो.