नाव नसलेली आई



अमेरिकेतलं मिलवॉकी हे शहर आपल्यातल्या अनेकांना हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींचं गाव म्हणून ऐकून माहीत असेल. मिशिगन सरोवराच्या काठचं हे विस्कॉन्सिन राज्यातलं शहर. तिथं सेंट जॉन कॅथेड्रलसमोर एक बाग आहे आणि त्या बागेत ब्राँझचं एक शिल्प आहे. एक आई आणि तिची मुलं. शिल्पाचं नाव ‘इमिग्रंट मदर’, म्हणजे आपला मुलूख सोडून परक्या देशात संसार मांडायला आलेली आई. १९६० सालचं हे काम. ही आई कोणी एक ठरावीक बाई नाही. त्या वाटेनं आलेल्या सगळ्याच जणींची ती मूर्ती आहे.

या आया कुठून आल्या? आधी मुख्यतः जर्मनीतून, आयर्लंडमधून. पुढं पोलंड, बोहेमिया, सर्बिया, क्रोएशियातून. मिलवॉकीत चामड्याचे कारखाने होते, बिअरच्या भट्ट्या होत्या, यंत्रांचे कारखाने होते. तिथं हातांना काम मिळत होतं. पुष्कळदा पुरुष आधी येई, चार पैसे साठवी आणि मग बायकोला बोलावून घेई. ती येई ती कडेवर पोर आणि हातात बोचकं घेऊन.

आणि आल्या दिवसापासून कामाला लागे. गावाकडचे सडे तरुण अशा बिऱ्हाडांत पैसे देऊन राहत. खोली एक, माणसं पाचसहा. कुठं तर खाटही दोघांत एक, दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीच्यानं त्याच अंथरुणावर अंग टाकायचं. त्या सगळ्यांचं रांधायचं, डबे भरायचे, घामानं आणि काजळीनं कडक झालेले कपडे उकळत्या पाण्यात घालून हातानं घासायचे, आणि मधल्या वेळात आपली मुलं वाढवायची. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. कारखान्यात पुरुषाची हजेरी लागे. हिची हजेरी कुणी मांडली नाही.

याहून एक अवघड गोष्ट होती, ती भाषेची. मुलं शाळेत जात, वर्षभरात इंग्रजी बोलू लागत. आई मात्र चुलीपाशीच असे. मग दुकानात, डॉक्टरकडे, मास्तरांपुढं तिचं म्हणणं तिचंच सातआठ वर्षांचं लेकरू सांगे. आईनं आपल्या भाषेत विचारावं आणि मुलानं इंग्रजीत उत्तर द्यावं, असं होता होता घरातच दोन मुलूख तयार होत. मुलाला त्या देशाचं करताना आपण त्याला थोडे परके होतो आहोत, हे तिला कळत असे. तरी तीच त्याला शाळेत धाडत असे.

हे शिल्प घडवलं इव्हान मेश्त्रोव्हिच यांनी. विसाव्या शतकातल्या थोर शिल्पकारांत त्यांची गणना होते. त्यांची जन्मकथा ऐकली की हा विषय त्यांच्याकडे आला हे किती योग्य झालं, ते कळतं. त्यांचे आईवडील आजच्या क्रोएशियातल्या दाल्मेशिया भागातल्या ओतावित्से या खडकाळ खेड्यातले गरीब शेतकरी. मोसमी मजुरीसाठी ते दूर स्लाव्होनियाच्या सुपीक पट्ट्यात जात. असेच गेले असताना, १५ ऑगस्ट १८८३ रोजी, व्र्पोल्ये गावी इव्हानचा जन्म झाला. मजुरीच्या वाटेवर आई बाळंत झाली. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेली बाई फडाजवळच्या कोपीत बाळंत होते, तिचं दुःख ज्यांना माहीत आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको.

पोरपणी इव्हान मेंढरं राखत आणि लाकूड, दगड कोरत. पुढं स्प्लिटला पाथरवटाकडे उमेदवारी केली, मग व्हिएन्नाच्या कला अकादमीत शिकले. आपल्या आईचं शिल्पही त्यांनी घडवलं. १९४१ मध्ये क्रोएशियातल्या उस्ताशी राजवटीनं त्यांना झाग्रेबमध्ये कैदेत टाकलं. सुटका झाल्यावर ते इटली, स्वित्झर्लंड करत १९४७ साली अमेरिकेत पोचले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. १९५४ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले, तेव्हा सत्तरी उलटली होती. म्हणजे मिलवॉकीतली ही आई घडवणारे हात स्वतः देश सोडून आलेल्या माणसाचे होते, आणि परमुलखात राबलेल्या आईच्या लेकाचे होते.

१६ जानेवारी १९६२ रोजी इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड इथं त्यांचं निधन झालं. त्यांचा देह मात्र ओतावित्सेला नेला गेला. आपल्या कुटुंबासाठी त्यांनीच बांधलेल्या समाधिमंदिरात ते विसावले आहेत.

श्रोतेहो, आपल्याही बहुतेकांच्या घराण्यात गाव सोडून आलेली एक पहिली आई असते. कुणाची कोकणातून बोटीनं मुंबईला आली, कुणाची अलीकडे विमानानं परदेशी गेली. तिचं ब्राँझचं शिल्प आपल्याला उभारता येणार नाही. पण ती कोणत्या गावाहून निघाली, बरोबर काय घेतलं आणि पहिल्या रात्री कुठं झोपली, हे सांगणारं कुणी घरात असेल तर आजच विचारून घ्या. आणि वहीत लिहिताना सगळ्यात वर तिचं नाव लिहा.