कर्करोग, काळ आणि नवें यंत्र

कर्करोगाशीं चाललेला मनुष्याचा झगडा हा पुष्कळ अंशीं काळाशींच झगडा आहे. तोंडांत उठलेला चट्टा किंवा स्तनांत हाताला लागलेली गांठ वेळेवर दाखविली, तर अनेकदां थोडक्या उपचारानें काम भागतें. तीच महिनोन् महिने लपविली, तर शस्त्रक्रिया, औषधें आणि किरणोपचार या तिन्हींचा आधार घेऊनहि पुष्कळदां निराशाच पदरीं येते. मग हा मोलाचा वेळ जातो कोठें?

कन्नड किंवा वैजापूर तालुक्यांतील एखाद्या शेतकरी स्त्रीचें उदाहरण घ्यावें. तिला लहानपणापासून मिश्रीची संवय. गालाच्या आंतल्या बाजूस पांढरा चट्टा उठतो. तिखट लागलें कीं झोंबतो, एरवीं दुखत नाहीं. आणि जें दुखत नाहीं तें दुखणें नव्हे, अशी आपली समजूत! पेरणी उरकूं दे, कापूस वेंचून होऊं दे, असें करतां करतां वर्ष सरतें. पुढें गांवचा डॉक्टर, मग तालुक्याचें रुग्णालय, मग शहर. तेथें तुकडा काढून तपासणीस जातो आणि अहवालासाठीं आणखी एक खेप पडते. प्रत्येक खेपेस दोन माणसांची मजुरी बुडते. निदान झालें तरी किरणोपचार, ज्याला आपले लोक 'शेक' म्हणतात, तो कित्येक आठवडे जवळजवळ रोज घ्यावा लागतो. तेवढे दिवस शहरांत राहावयाचें कोठें आणि घरचीं गुरें कोणीं पाहावयाचीं, या प्रश्नापाशीं उपचार अर्ध्यावर सुटतो.

एके काळीं मराठवाड्यांतील अनेक रुग्णांना मुंबईचीच वाट धरावी लागे. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. पुढें बार्शीसारख्या गांवीं नर्गिस दत्त यांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय उभें राहिलें आणि २०१२ सालीं छत्रपति संभाजीनगरांत, तेव्हांच्या औरंगाबादेंत, शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालें. यामुळें रस्ता जवळ आला, हें खरें. परंतु रुग्णाचें पाऊल त्या रस्त्याला लागण्यापूर्वीं जो काळ जातो, तो मात्र रुग्णालयांच्या भिंतींनीं कमी होत नाहीं.

तो कमी करतां येतो, हें मराठवाड्यांतल्याच एका जिल्ह्यानें जगाला दाखविलें आहे. पूर्वींच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत १९९९ पासून एक मोठा प्रयोग झाला. खेड्यांचे ५२ गट पाडून तीस ते एकोणसाठ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यांत समावेश केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा विषाणु शोधण्याची चाचणी एका विभागांत एकदांच देऊं केली आणि जेथें दोष आढळला तेथें उपचार केला. आठ वर्षांनीं पाहतां, चाचणी नसलेल्या विभागांत या रोगानें ६४ स्त्रिया दगावल्या होत्या. विषाणुचाचणीच्या विभागांत ३४. हे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. त्याच प्रयोगांतील दुसऱ्या दोन चाचण्यांनीं मृत्यूंत असा स्पष्ट फरक पडला नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. कोणतीहि चाचणी चालेल असें नव्हे. ती योग्य हवी आणि तिच्या पाठोपाठ उपचार हवा.

आतां कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळूं. हें यंत्र हजारों छायाचित्रें पाहून रोगाच्या खुणा ओळखावयास शिकतें. स्वीडनमध्यें स्तनांचीं क्षकिरण-चित्रें दोन डॉक्टरांनीं वाचण्याची रीत आहे. तेथें ऐंशी हजार स्त्रियांपैकीं सुमारें निम्म्यांच्या तपासणींत यंत्राची मदत घेतली, तेव्हां डॉक्टरांचें वाचनाचें काम सुमारें ४४ टक्क्यांनीं घटलें आणि रोग सांपडण्याचें प्रमाण मात्र घटलें नाहीं, असें २०२३ सालीं दिसून आलें. जेथें तज्ज्ञ थोडे आणि रुग्ण फार, तेथें या मदतीचें मोल केवढें असेल! अहवालासाठींची खेप वांचेल; तातडीचा रुग्ण रांगेंत पुढें येईल.

तथापि, दोन गोष्टी विसरूं नयेत. यंत्र जें पाहून शिकलें तेवढेंच जाणतें. परदेशांतील चित्रांवर शिकलेलें यंत्र मिश्रीनें काळवंडलेल्या तोंडापुढें फसूं शकेल. म्हणून त्याची परीक्षा आपल्याच रुग्णांवर, आपल्याच डॉक्टरांच्या देखरेखीखालीं झाली पाहिजे. दुसरें असें कीं, यंत्रानें रोग क्षणांत ओळखला, पण पुढें शेक घेण्यासाठीं शहरांत निवारा मिळाला नाहीं, तर त्या ज्ञानाचें काय करावयाचें? धाराशिवच्या स्त्रिया चाचणीनें वांचल्या, त्या चाचणीमागून उपचार आला म्हणून.

साखळीची मधली कडी यंत्र बळकट करील. पहिली आणि शेवटची कडी माणसांच्याच हातीं राहणार. तोंडांतील जखम दोन-तीन आठवड्यांत भरून आली नाहीं, कोठें गांठ लागली, किंवा पाळी गेल्यावर पुन्हां रक्त दिसलें, तर लाज आणि पेरणी दोन्ही बाजूस ठेवून दवाखाना गांठावा. आणि ज्या घरांत अशी स्त्री असेल, त्या घरच्या पुरुषांनीं तिच्या सांगण्याची वाट न पाहतां तिला घेऊन निघावें.