न थांबणारे पान



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल की, हा विषय यंत्रज्ञांच्या परिषदेतला. तो या व्याख्यानमालेत कशाला? शंका रास्त आहे. परंतु ग्रंथालये, शाळा, पतपेढ्या, नाट्यसंस्था यांची संकेतस्थळे आज घरोघरी उघडली जातात. आपण त्यांवर पुस्तक शोधतो, अर्ज भरतो, खुर्ची राखून ठेवतो. बटण दाबले की पान न हलता एका कोपऱ्यात ‘नोंद झाली’ अशी अक्षरे उमटतात आणि आपण निश्चिंत होतो. त्या दोन शब्दांवर विसंबून राहावे असे पडद्यामागे खरोखर काही घडले आहे काय, हा प्रश्न यंत्रज्ञाचा जितका आहे तितकाच नागरिकाचाही आहे. म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचे मी योजले आहे.

प्रथम मूळची व्यवस्था कशी होती ते पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, ती मुख्यतः कागदपत्रे व माहिती एकमेकांना वाचावयास मिळावी म्हणून. वाचकाजवळचा ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे एक पान मागतो. सर्व्हर ते अथपासून इतिपर्यंत पाठवतो. दुसरे काही हवे असेल, तर जुने पान पुसावयाचे आणि नवे संपूर्ण पान आणावयाचे. वाचनापुरती ही रीत उत्तम होती. पण लोक पान वाचून न थांबता त्यावर कामे करू लागले, तेव्हा तिची अडचण भासू लागली.

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाची कल्पना करा. वाचकाने पुस्तकाची चिठ्ठी खिडकीत दिली की, त्याला वाचनकक्षाबाहेर काढावयाचे, टेबले, खुर्च्या, वर्तमानपत्रे सारे उचलून पुन्हा जसेच्या तसे मांडावयाचे आणि मग पुस्तकासह त्याला आत घ्यावयाचे, असा नियम कोणी केला तर आपण हसू. जुनी वेबपाने नेमके हेच करीत असत. आता दुसरी रीत पाहा. वाचक चिठ्ठी देतो आणि आपल्या जागेवर येऊन वर्तमानपत्र वाचीत बसतो. शिपाई आतून पुस्तक काढून आणतो आणि त्याच्यापुढे ठेवतो. बाकीचा कक्ष जागचा हलत नाही. चिठ्ठी देणे आणि पुस्तक मिळणे यांच्या मधल्या काळात वाचक खिडकीशी जखडलेला नसतो, हे या रीतीचे मर्म होय. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘असमकालिक विनंती’ म्हणतात. शब्द जड आहे. अर्थ एवढाच की, मागणाऱ्याने उत्तर येईपर्यंत हात बांधून उभे राहावयाचे नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या रीतीने काम जलद होते असे म्हणतात. ते अर्धसत्य आहे. संपूर्ण पानाऐवजी चारच ओळींची ने-आण होते, तेवढा वेळ वाचतो खरा. पण शिपायाला कपाटापर्यंत जावेच लागते. वाट पाहणे नाहीसे होत नाही, ते दृष्टीआड होते. आणि जे दृष्टीआड होते त्याची चौकशी अधिक काळजीने केली पाहिजे, हेच मला आज मुख्यतः सांगावयाचे आहे.

या रीतीचे साधन मायक्रोसॉफ्ट कंपनीने तयार केले. ब्राउझरमधून आपले टपाल पाहता यावे या गरजेतून ते निघाले आणि १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर आले. पुढे २००४ साली गुगलचे जीमेल आणि २००५ साली त्याच कंपनीचे नकाशे आले. नकाशा सरकवला की पान कोरे न होता पुढचा प्रदेश आपोआप येऊन जुळतो, हे पाहून लोक थक्क झाले. त्याच वर्षी, १८ फेब्रुवारी रोजी, जेसी जेम्स गॅरेट या अमेरिकन गृहस्थांनी एक लेख लिहून या पद्धतीला ‘एजॅक्स’ असे नाव दिले. म्हणजे साधन आधी आले आणि नाव सहा वर्षांनी. पण नाव मिळाल्यावर मात्र ती पद्धत सर्वतोमुखी झाली.

आता संस्थांच्या संकेतस्थळांकडे वळू. पान हाताने न लिहिता मजकूर एका कोठारात साठवावा आणि मागणी येताच त्यातून पान जुळवून द्यावे, अशी सोय करणाऱ्या यंत्रणेस आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. ड्रिस बाउटार्ट यांचे ड्रुपल २००१ साली प्रसिद्ध झाले. मॅट मुलनवेग आणि माइक लिट्ल यांचे वर्डप्रेस २००३ च्या मे महिन्यात आले. वर्डप्रेसचा प्रसार आज सर्वांत मोठा आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो.

वर्डप्रेसमध्ये अशा चिठ्ठ्यांसाठी जुनी एक खिडकी आहे. तिचे नाव ‘अ‍ॅडमिन-एजॅक्स’. चिठ्ठीवर कोणते काम हवे त्याचे नाव लिहावेच लागते. ते नसेल तर खिडकीतून उत्तर म्हणून येते केवळ एक शून्य. नाव असेल तर त्या कामासाठी नेमलेला कारकून पुढे होतो. हे कारकून दोन तऱ्हांनी नेमता येतात: एक, आपली ओळख पटवून आत आलेल्यांसाठी; दुसरा, रस्त्यावरून येणाऱ्या कोणासाठीही. चिठ्ठी चार अक्षरांची असली तरी तिच्यासाठी जवळजवळ सारे कार्यालय जागे करावे लागते, हेही ध्यानात ठेवावे. वर्डप्रेसचा गाभा आणि त्याला जोडलेली सर्व प्लगइन्स प्रत्येक वेळी उघडली जातात. २०१३ पासून तर ‘हार्टबीट’ नावाच्या सोयीने लेख लिहिणाऱ्याचे पान ठराविक अंतराने आपण होऊन सर्व्हरला विचारते की, हाच लेख दुसरे कोणी संपादित करीत नाही ना? त्यामुळे एकाचे लिखाण दुसऱ्याच्या हातून पुसले जाणे टळते. परंतु दहा जणांनी पाने उघडी टाकून जेवावयास जावे, तर लहानशा सर्व्हरला उगाच धाप लागते.

खर्चापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दारावरच्या चौकशीचा आहे. पानावर बटण दिसत नाही, म्हणून चिठ्ठी येणार नाही, असे कोणी समजू नये. खिडकीचा पत्ता सर्वांना ठाऊक असतो. पान न उघडताही तेथे चिठ्ठी टाकता येते. म्हणून प्रत्येक चिठ्ठीला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला, ही आमच्याच पानावरून निघाली काय? यासाठी वर्डप्रेस पानावर एक गुप्त शिक्का देते. त्याला ‘नॉन्स’ म्हणतात. तो विशिष्ट कामापुरता असतो आणि एरवी जास्तीत जास्त २४ तासांत निकामी होतो. सभासद आत असताना भलत्याच संकेतस्थळाने त्याच्या नावाने चिठ्ठी सरकवली, तर शिक्का नसल्यामुळे ती पकडली जाते. दुसरा प्रश्न, हे काम करण्याचा या माणसाला अधिकार आहे काय? शिक्का म्हणजे अधिकार नव्हे. सभागृहाचे तिकीट जवळ आहे म्हणून कोणी व्यासपीठावर चढून ठराव पास करू शकत नाही, तसेच हे आहे.

ही चौकशी किंचित ढिली पडली तर काय होते, याचे उदाहरण २०१७ साली साऱ्या जगाने पाहिले. डिसेंबर २०१६ मध्ये वर्डप्रेसच्या ४.७ या आवृत्तीत चिठ्ठ्यांसाठी एक नवी, अधिक व्यवस्थित खिडकी आली. प्रत्येक लेखाला क्रमांक असतो. तो सांगून लेख दुरुस्त करण्याची विनंती तेथे करता येई. आता समजा, कोणी १२३ या क्रमांकापुढे दोन निरर्थक अक्षरे जोडली. दारावरच्या पहारेकऱ्याने वहीत पाहिले. अशा क्रमांकाचा लेखच नाही. ज्या लेखाचे अस्तित्व नाही त्याबद्दल हरकत कसली घ्यावयाची, म्हणून त्याने चिठ्ठी आत सोडली. आतल्या कारकुनाने मागची अक्षरे गाळली, १२३ एवढेच वाचले आणि तो लेख खुशाल बदलून टाकला! पहारेकरी आपल्या जागी बरोबर, कारकून आपल्या जागी बरोबर. पण दोघांनी एकच चिठ्ठी दोन तऱ्हांनी वाचली. सुकुरी या सुरक्षासंस्थेच्या संशोधकाने हा दोष कळवला. २६ जानेवारी २०१७ रोजी ४.७.२ ही दुरुस्ती निघाली, आणि ती आपोआप सर्वत्र पोचावी म्हणून दोषाची वाच्यता सुमारे आठवडाभर मुद्दाम केली गेली नाही. तरीही ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही त्यांची लाखो पाने पुढील दिवसांत विद्रूप झाली. संस्था लहान असो वा मोठी, दुरुस्ती वेळेवर बसवणे हे दाराला कुलूप लावण्यासारखेच आहे.

आता शेवटचा मुद्दा, उत्तराच्या खरेपणाचा. जुन्या रीतीत काम बिघडले की सारे पानच कोलमडे. ते ओबडधोबड होते, पण प्रामाणिक होते. नव्या रीतीत आतली चिठ्ठी हरवली तरी पान पूर्ववत हसतमुख उभे असते. शिक्क्याची मुदत संपली, वाटेत जोडणी तुटली, सर्व्हर थकला, तरी ज्याने अर्ज भरला त्याला काहीच कळत नाही. काही ठिकाणी तर उत्तर येण्यापूर्वीच ‘नोंद झाली’ असे लिहिले जाते. शिवाय आधी पाठवलेल्या चिठ्ठीचे उत्तर मागाहून येऊ शकते. मग वाचकाने शोधलेले असते एक आणि पानावर दिसते दुसरेच. आणि जे अंध बांधव पडदावाचकाच्या साहाय्याने पान ऐकतात, त्यांना कोपऱ्यात उमटलेली अक्षरे कळतही नाहीत. तो भाग आपण होऊन वाचून दाखवावा अशी खूण प्रोग्रामरने मुद्दाम करावी लागते.

याचा अर्थ जुनी रीत बरी होती असा मुळीच नाही. नवी रीत नीट योजली तर क्षीण जोडणीवर अर्ज भरणाऱ्या खेड्यातल्या विद्यार्थ्याला ती वरदान आहे. कारण पाठवणी फसली तरी त्याने लिहिलेला मजकूर पानावर तसाच राहतो आणि तो पुन्हा पाठवता येतो. प्रश्न रीतीचा नसून ती राबवणाऱ्याच्या दक्षतेचा आहे.

तेव्हा आपल्यापैकी जे संस्थांचे कार्यवाह, विश्वस्त वा शिक्षक असतील, त्यांना माझी विनंती आहे. संकेतस्थळ करून देणाऱ्याला रंगसंगतीबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारा. प्रत्येक विनंतीच्या वेळी अधिकार तपासला जातो काय? काम फसले तर वाचकाला स्पष्ट शब्दांत आणि त्याचा मजकूर न पुसता सांगितले जाते काय? सर्व्हरकडून होकार आल्यावाचून ‘नोंद झाली’ असे कोठे लिहिले जात नाही ना? हे विचारावयास यंत्रविद्या लागत नाही. हिशेबतपासनिसाला जी सावधगिरी लागते तेवढी पुरे. पावतीवाचून वर्गणी घेणारा खजिनदार आपण चालवून घेणार नाही. मग पैसे मोजण्यापूर्वीच पावती फाडणारे पान तरी का चालवून घ्यावे?