जुगाराचा कायदा आणि पैशाची वाट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पैजा आणि जुगार हा विषय राज्यसूचीत, चौतिसाव्या नोंदीत आहे, तर बँकव्यवहार संघसूचीत, पंचेचाळिसाव्या नोंदीत. आणि जुगारावर हुकूम एकाचा, पैशावर दुसऱ्याचा, या फटीतूनच ऑनलाइन जुगाराचा पैसा वर्षानुवर्षे वाहत आला. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवरील पांढुर्णा-सौंसरसारख्या भागात ही फट विशेष ठळक दिसते. येथे १८६७ चा सार्वजनिक द्यूत अधिनियम मध्य प्रदेशाने केलेल्या दुरुस्त्यांसह चालतो. महाराष्ट्रातील नरखेड, वरूड किंवा सावनेरच्या हद्दीत पाऊल टाकले की १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा लागतो. जुन्या मध्य प्रांतालाही लागू असलेल्या १८६७ च्या कायद्यापुढे जुगार म्हणजे अड्डा, म्हणजेच घर, खोली किंवा कुंपणाने वेढलेली जागा, एवढेच चित्र होते, आणि अड्डा चालवणाऱ्याला मूळ शिक्षा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद अशी होती. पुढे मध्य प्रदेशाने सट्ट्यासाठी कलम ४-क जोडले, तेव्हा आकडे आणि रकमा लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे सट्ट्याची पट्टी, हा पोलिसांचा मुख्य पुरावा ठरला.

मोबाइलला भिंती नसतात आणि पट्टीही नसते. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपयांनी फसवणूक झाल्याची तक्रार केली आणि पोलिसांनी गोंदियातील एका घरातून कोट्यवधींची रोकड व किलोंनी सोने जप्त केले, तेव्हा अड्ड्याच्या व्याख्येचे अपुरेपण विदर्भात सर्वांना दिसले. क्रिकेटच्या सट्ट्यातील लगवाडी आणि खायवाडी, म्हणजे पैज लावणे आणि ती अंगावर घेणे, हे व्यवहार जुनेच आहेत. बदलली ती पैसा पोहोचण्याची वाट, आणि म्हणून जुगाऱ्याऐवजी वाटच अडवावी हा विचार पुढे आला.

क्रेडिट कार्डाने पैसे देताना ग्राहकाची बँक, व्यापाऱ्याची बँक आणि दोघींना जोडणारे कार्डजाळे असे तीन पहारेकरी मध्ये असतात, आणि प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या धंद्याचा चार आकडी संकेतांक दिलेला असतो. जुगाराचा संकेतांक ७९९५. हा आकडा समोर आला की ग्राहकाची बँक व्यवहार तिथल्या तिथे नाकारू शकते; २००६ मध्ये अमेरिकेने बेकायदा इंटरनेट जुगाराचे पैसे रोखण्याची जबाबदारी बँकांवर टाकली, ती मुख्यतः याच सोयीच्या भरवशावर. ब्रिटनने १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यास बंदी घातली, पण तिचे कारण निराळे आणि अधिक माणुसकीचे होते: क्रेडिट कार्डावरचा पैसा उसना असतो, आणि उसन्या पैशावर हरणारा माणूस दोनदा हरतो. भारतात परकीय चलनाच्या २००० च्या नियमांनी लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल आणि तत्सम सोडतींसाठी परदेशी पैसे पाठवणे आधीच निषिद्ध केले होते.

मात्र संकेतांक हा अखेर व्यापाऱ्याने सांगितलेल्या धंद्यावर ठरतो, आणि जुगाराचे संकेतस्थळ स्वतःला कपड्यांचे दुकान म्हणवून घेऊ शकते. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर तर कार्डाचीही गरज उरली नाही, कारण पैसे थेट एखाद्या साध्या खात्यात पडू लागले. ही खाती भाड्याची असतात. छोट्या गावातील बेरोजगार तरुणाच्या नावाने बचत किंवा चालू खाते उघडले जाते. पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड दलालाच्या हाती जाते. तरुणाच्या पदरात काही हजार रुपये पडतात, आणि खात्यात लाखो रुपये येऊन त्याच दिवशी पुढे सरकतात. केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणे, येथे निर्दोष असते. ओळख खरी, व्यवहार मात्र दुसऱ्याचा. रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने अशी खाती हुडकण्यासाठी म्यूलहंटर नावाची संगणकीय प्रणाली तयार केली आहे, कारण शाखेतल्या कारकुनाच्या नजरेला ही चाल पकडणे अवघडच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत संमत केलेला ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा या सर्वांच्या पुढे जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले होते आणि त्या आधारावर पैशांच्या खेळांचा मोठा उद्योग उभा राहिला होता; नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा प्रश्नच गैरलागू ठरवला, असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला, आणि त्यांचे पैसे वाहून नेणाऱ्या बँका व पेमेंट कंपन्यांनाही त्याच शिक्षेच्या कक्षेत आणले. दोनच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर २०२३ पासून, याच खेळांत लावलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी वसूल केला जात होता, हेही विसरता येत नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिकांपैकी एक मध्य प्रदेश उच्च न्यायालयातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सर्व सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या.

खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु पैशाची वाट अडवण्याचे ओझे कुणावर पडते, याचा विचार फारसा झालेला नाही. जुगाराची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते, आणि तपास सुरू झाला की साखळीतील पुढची खातीही गोठवली जाऊ शकतात. सौंसरच्या संत्रा व्यापाऱ्याला मालाच्या बदल्यात मिळालेली रक्कम अशा साखळीतून आली असेल, तर ऐन हंगामात मजुरीसाठी पैसे काढता येत नाहीत आणि खाते मोकळे करून घेण्यासाठी त्याला दुसऱ्या राज्यातील सायबर पोलिसांशी पत्रव्यवहार करावा लागतो.